ब्रेकमधली हवा

गाडीचे ब्रेक नीट लागत नाहीत, हे अप्पांना पहिल्यांदा सरकारने कळवलं.

त्याआधी सोळा वर्षं ती गाडी अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे थांबत होती. जिथे थांबवायची तिथून चार हात पुढे थांबायची, एवढंच. पण माणूस चार हात आधी पाय दाबायला शिकला की ब्रेकबद्दल त्याची तक्रार उरत नाही. संसारातही बऱ्याच गोष्टी अशाच निभावतात. तपासणी केंद्रातल्या बारीक चणीच्या तपासनिसाला मात्र अप्पांच्या या सोळा वर्षांच्या समजूतदारपणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने गाडीची पुढची चाकं जमिनीतल्या रुळांवर चढवली, ब्रेक दाबला, भिंतीवरच्या काट्याकडे पाहिलं आणि फॉर्मवर फुली मारली.

"पुढचे ब्रेक कमी."

"कमी म्हणजे किती कमी?" अप्पांनी विचारलं.

"कमी म्हणजे नापास."

अप्पा पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. तीस वर्षं ते जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढत आले होते आणि 'किती' या प्रश्नाला मिलिमीटरमध्ये उत्तर मिळावं, एवढीच त्यांची माणसांकडून माफक अपेक्षा असे. शाळेपासून त्यांना कधी कुणी नापास केलं नव्हतं. ते चौपन्नाव्या वर्षी झालं, आणि तेही रांगेतल्या अकरा माणसांदेखत. हातात पडलेल्या कागदावर लिहिलं होतं: 'पुढचे दोन्ही कॅलिपर व होज बदलणे. फेरतपासणी सोमवार, सकाळी नऊ.' कॅलिपर म्हणजे चाकामागच्या तबकडीला चिमट्यासारखं धरणारं यंत्र आणि होज म्हणजे त्याला ब्रेक ऑइल पोचवणारी रबरी नळी. हे अप्पांना घरी येऊन वाचल्यावर कळलं. केंद्रात मात्र त्यांनी "हं, कॅलिपरच" असं म्हणून मान हलवली होती.

एरवी त्यांनी गाडी महिनाभर उभी ठेवली असती. पण बायकोला बढती मिळाली होती. बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढल्यावर तिला शाखाधिकारी केलं होतं आणि ती शाखा डोंगरापलीकडच्या गावात होती. मंगळवारी रुजू व्हायचं होतं. त्या रस्त्याला दोनच बस होत्या. एक शाखा उघडल्यावर तासाभराने पोचणारी आणि दुसरी शाखा बंद होण्याआधी अर्धा तास सुटणारी. म्हणजे गाडीच न्यायला हवी. आणि रस्ता असा, की जाताना आधी सगळा चढ आणि मग सगळा उतार, येतानाही तेच.

गल्लीच्या टोकाला मिस्त्रींचं गॅरेज होतं. अप्पा कागद घेऊन तिकडे गेले.

"दहा दिवस हात मोकळा नाही, अप्पा," मिस्त्री एका गाडीच्या पोटाखालून म्हणाले. "ठेवून जा. बघू."

"मला सोमवारी पाहिजे. नुसतं काय करायचं ते सांगा, मी करतो."

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. ते हसले असते तरी अप्पांना चाललं असतं. त्यांनी आधी हात फडक्याला पुसला, मग तो हळूच अप्पांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही ऑफिस सांभाळा, अप्पा."

हात पुसून ठेवला, हे जास्त लागलं.

त्या संध्याकाळी अप्पांनी मोबाइलवर ब्रेक दुरुस्तीचे व्हिडिओ पाहिले. एक आनंदी गृहस्थ पांढराशुभ्र शर्ट घालून हे सगळं काम अकरा मिनिटांत करत होता आणि शेवटी त्याचा शर्ट पांढराशुभ्रच होता. अप्पांनी त्याच्या सगळ्या पायऱ्या आपल्या वळणदार अक्षरात कागदावर उतरवल्या, शेजारी चाकाची आकृती काढली आणि खाली प्रमाणही लिहिलं.

"तुम्ही करणार?" बायकोने कागद पाहून विचारलं.

"का? करू नये?"

"तसं नाही म्हटलं. आकृती छान आलीय."

पंचवीस वर्षांच्या संसारात अप्पांना तिची स्तुती आणि शंका यांतला फरक अजून नीट कळायचा होता.

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने गाडीचं साल विचारलं. अप्पांनी सांगितलं. मग महिना विचारला. मग त्या महिन्याच्या पंधरा तारखेआधीची की नंतरची, हे विचारलं. आपल्या लग्नाची तारीख सांगतानाही अप्पा इतके गोंधळले नव्हते. अखेर दोन खोकी मिळाली. एकावर 'डावा' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'उजवा'. दुकानदार म्हणाला, "ब्रेक ऑइल नवीनच वापरा. आणि रंगावर सांडू नका." यातलं पहिलं वाक्य अप्पांनी लक्षात ठेवलं.

आता प्रश्न जागेचा होता. सोसायटीच्या आवारात वाहनदुरुस्तीला मनाई होती. सोसायटीचा सेक्रेटरी सभ्य माणूस होता, पण त्याला कुठलीही गोष्ट कागदावर असल्याशिवाय दिसतच नसे. अप्पा त्याच्या दारात उभे राहिले तेव्हा त्याने त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि अर्ज मागितला.

"दोन दिवसांचं काम आहे हो. कोपऱ्यात करीन."

"कोणत्या कोपऱ्यात, अप्पासाहेब? आवाराला चार कोपरे आहेत. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?"

अप्पांनी आवाराचा नकाशा काढून दिला. भिंती, फाटक, पाण्याची टाकी, कचऱ्याचं पिंप, पाहुण्यांची गाडी लावायची जागा, सगळं प्रमाणात. सेक्रेटरी तो नकाशा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला की परवानगी मिळेल, फक्त हा नकाशा सोसायटीच्या फायलीला राहील. 'जमिनीवर काहीही सांडणार नाही' अशी हमीही त्याने अप्पांकडून लिहून घेतली. जागा मिळाली ती पाहुण्यांच्या पार्किंगशेजारची. तिथे आठवड्यापूर्वीच पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पाहुण्यांसाठी राखीव'.

शनिवारी सकाळी अप्पांनी जॅक लावला, पुढची दोन्ही चाकं काढली, जुने कॅलिपर उतरवले आणि नवे चढवले. समोर उभं राहून त्यांनी खोकी नीट मांडून घेतली होती. डाव्या हाताला डावा, उजव्या हाताला उजवा. बोल्ट निमूटपणे बसले. नळ्या निमूटपणे बसल्या. दुपारी दोनला ते हात धुऊन जेवायला बसले तेव्हा बायको त्यांच्याकडे काळजीने बघत होती.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही. इतकं सरळ कधी होत नाही ना आपलं."

रविवारी उरलेलं काम फक्त हवा काढायचं होतं. ब्रेक पेडल दाबलं की ऑइल नळ्यांमधून चाकापर्यंत ढकललं जातं आणि ब्रेक लागतो. पण नवे भाग बसवताना नळ्यांत हवा शिरलेली असते. मग पाय ऑइलऐवजी हवाच दाबत बसतो आणि पेडल उशीसारखं मऊ लागतं. म्हणून एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी पाना लावून निपल नावाचा छोटा पोकळ बोल्ट किंचित उघडायचा. ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत येतात. मग निपल बंद करायची आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. असं चारही चाकांना, बुडबुडे संपेपर्यंत. काम दोन माणसांचं आहे. पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थाने एवढंच सांगितलं होतं. ती दोन माणसं एकमेकांची नवरा-बायको असू नयेत, हे त्याने सांगितलं नव्हतं.

बायको स्टिअरिंगमागे बसली. अप्पा मागच्या डाव्या चाकापाशी जमिनीवर आडवे झाले, कारण सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते.

"दाब!"

"काय?"

"पेडल!"

"किती?"

"पूर्ण!"

"दाबलं."

"धरून ठेव!"

अप्पांनी पान्याला हिसका दिला. निपल गंजलेली होती. पाना सटकला आणि अप्पांची चार बोटं चाकामागच्या पत्र्यावर घासली गेली. त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो पाणीपुरवठा खात्याच्या कुठल्याही नकाशात नव्हता.

"काय म्हणालात? सोडू?"

"नाही! धर!"

दुसऱ्या हिसक्याला निपल सुटली. नळीतून काळपट ऑइल आणि बुडबुडे भसाभस बाटलीत आले. आणि त्याच क्षणी गाडीतून किंकाळी ऐकू आली.

"अहो! गेलं! पार खाली गेलं! काहीतरी मोडलं!" असं म्हणून तिने घाबरून पाय उचलला. बाहेर आलेली हवा जशी आली होती तशी, थोडी बाहेरची सोबत घेऊन, परत आत गेली.

अप्पा गाडीखालून डोकं काढून म्हणाले, "पेडल खाली जाणारच. पाय उचलू नको, असं म्हणालो होतो ना?"

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता म्हणजे उचलल्यावर."

हे संभाषण आवारात चालू होतं आणि इमारतीला सोळा खिडक्या होत्या. तळमजल्यावरच्या जेलरकाकांची खिडकी तर गाडीपासून तीन पावलांवर. ते तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि गेली आठ वर्षं त्यांच्या हाताखाली कुणीच नव्हतं. ते खुर्ची घेऊन बाहेर आले.

"अप्पा, मला यातलं काही कळत नाही," ते बसत म्हणाले. अप्पांना जरा बरं वाटलं. "पण," जेलरकाका पुढे म्हणाले, "तुमचं चुकतंय."

तेवढ्यात अप्पांनी पुन्हा दाबायला आणि धरायला सांगितलं होतं. निपल उघडलेली होती. पाय कितपत खाली ठेवायचा यावरून बायको आतून काहीतरी विचारत होती आणि अप्पा जमिनीवरून काहीतरी खेकसत होते. जेलरकाका मध्यस्थीच्या सुरात म्हणाले, "जाऊ द्या हो वहिनी, सोडा."

तिने सोडलं.

हवा पुन्हा आत गेली. मग जेलरकाकांनीच कारभार हाती घेतला. हुकूम एकाच माणसाने द्यायचा, आणि हुकूम ऐकू आला की समोरच्याने तो तसाच मोठ्याने परत म्हणायचा, म्हणजे घोटाळा होत नाही. तुरुंगात असंच चालतं. अप्पांना हे अपमानास्पद वाटलं आणि त्याहून अपमानास्पद म्हणजे ते उपयोगी पडलं.

"दाब!"

"दाबलं!"

"धर!"

"धरलं!"

"सोड!"

"सोडलं!"

पहिल्या मजल्यावरच्या कुणीतरी खिडकी लावून घेतली. मागचं डावं चाक झालं, मागचं उजवं झालं. पुढच्या चाकांशी येईपर्यंत अप्पांची पाठ वेगळी आणि अप्पा वेगळे झाले होते. पण बुडबुडे कमी होत होते. आता फक्त बॉनेटखालच्या डबीतलं ऑइल संपू न देणं महत्त्वाचं होतं. डबी रिकामी झाली की तिथून हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्या डबीवर लक्ष ठेवायचं काम अप्पांनी जेलरकाकांना दिलं.

"निर्धास्त राहा," जेलरकाका बॉनेटपाशी उभे राहत म्हणाले. "छत्तीस वर्षांत माझ्या पहाऱ्यातून एकही कैदी पळाला नाही." आणि मग एक कसा पळणार होता, ते सांगायला त्यांनी सुरुवात केली. तो कैदी चार वर्षं रोज थोडाथोडा साबण साठवत होता. गोष्ट खरोखर चांगली होती. बायकोसुद्धा पेडल दाबून धरून ऐकत होती. कैद्याने किल्लीचा ठसा साबणावर घेतला तेव्हा गाडीतून घोट घेतल्यासारखा आवाज आला. अप्पांनी उठून पाहिलं. डबी कोरडी होती.

"हे मघाशी होतं," जेलरकाका डबीत बघत म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय."

पुन्हा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात.

दुसऱ्या फेरीत अप्पा बाटलीला अडखळले. बाटली आडवी झाली, ऑइल घरंगळत पार्किंगच्या रेषेपर्यंत गेलं, आणि अप्पांनी ते घाईघाईने फडक्याने पुसलं. फडकं पिवळं झालं. ब्रेक ऑइल रंग विरघळवतं, हे दुकानदाराच्या दुसऱ्या वाक्यात होतं. अप्पा मागे सरकून पाहतात तो जमिनीवर मोठ्या अक्षरांत उरलं होतं: 'पाहुण्यांसाठी राख'.

सेक्रेटरी हमीपत्र घेऊनच खाली आला. तो रागावला नाही. त्याने जमिनीवर वाचलं, हमीपत्रावर वाचलं, आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "अप्पासाहेब, आज दुपारी माझ्याकडे खरंच पाहुणे येणार आहेत."

अप्पांनी ती अक्षरं पुठ्ठ्याने झाकली. दुपारी पाहुणे आले. त्यांना तो पुठ्ठा नको तिथे पडलेला वाटला, म्हणून त्यांनी तो उचलून नीट भिंतीला लावून ठेवला.

चार वाजता बुडबुडे पूर्ण थांबले. नळीतून नुसतं स्वच्छ ऑइल येत होतं. अप्पांनी निपला घट्ट केल्या, चाकं चढवली, गाडी जॅकवरून उतरवली आणि चेहऱ्यावर कमालीचा साधा भाव ठेवून स्वतः स्टिअरिंगमागे बसले. बायको आणि जेलरकाका बाजूला उभे राहिले. अप्पांनी गाडी सुरू केली, आवाराच्या हलक्या उतारावर सोडली आणि पाण्याच्या टाकीपाशी ब्रेक दाबला. पेडल मऊ लागलं, मग आणखी मऊ लागलं, मग खाली टेकलं. गाडी आपल्या वाटेने जात राहिली. अप्पांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी कचऱ्याच्या पिंपाला लागून थांबली. जोरात नाही. पण पिंप रिकामं होतं आणि रिकाम्या पिंपाचा आवाज फार मोठा होतो. पहिल्या मजल्यावरची मघाची खिडकी पुन्हा उघडली.

"थांबली," जेलरकाका म्हणाले.

मग अप्पांना एक शोध लागला. पेडल एकदा दाबलं की खाली जातं हे खरं. पण लागोपाठ तीनदा दाबलं की तिसऱ्यांदा ते कडक होतं आणि ब्रेक लागतो. त्यांनी पाचदा करून पाहिलं. पाचही वेळा लागला. नळ्यांत बुडबुडे नाहीत, ऑइल कुठे गळत नाही, बोल्ट घट्ट आहेत. मग राहिलं काय? नवे भाग आहेत, बसायला वेळ लागणारच. चार दिवस चालली की आपोआप बसतील. हे सगळं त्यांनी बायकोला सांगितलं. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते जरा जास्त पटायला लागलं.

ती आत बसली. पेडल एकदा दाबून पाहिलं. मग तीनदा दाबलं. तिने अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर काळा पट्टा होता, चार बोटांना चिंध्या होत्या आणि गुडघ्याशी पँट फाटली होती.

"चालेल मला," ती म्हणाली. "छान झालंय."

अप्पांना एवढंच ऐकायचं होतं. ते वर गेले आणि मोरीत साबणाने हात घासायला लागले. काळेपणा जाता जात नव्हता. पलीकडच्या खोलीत बायको तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती.

"हो, मंगळवारी. गाडीनेच. अगं, ह्यांनी स्वतः केले ब्रेक. दोन दिवस हाडाची काडं केली. हो, लागतात. म्हणजे तीनदा दाबावं लागतं. नाही गं, उतारावर मी आधीपासूनच दाबत जाईन. सावकाश जाईन. आता त्यांना कसं म्हणू? एवढं मन लावून केलंय. नाही, नाही, तू काही बोलू नको त्यांच्यापाशी."

अप्पांचे हात साबणात तसेच राहिले. नळ चालू होता. त्यांना तो डोंगराचा रस्ता दिसला. त्या रस्त्याच्या कडेने जाणारी मोठी जलवाहिनी त्यांनीच कागदावर काढली होती. प्रत्येक वळण, प्रत्येक उतार किती अंशांचा, हे त्यांना पाठ होतं. सातव्या वळणानंतरच्या उतारावर एकदा दाबायला जेमतेम वेळ मिळतो. तीनदा नाही. आणि ती जाणार होती. दोन दिवस मोडीत निघाले असं आपल्याला वाटू नये म्हणून ती तिथून, तसे ब्रेक घेऊन, रोज जाणार होती.

त्यांनी हात न पुसताच चपला घातल्या.

मिस्त्री गॅरेजमागेच राहत. रविवार असल्यामुळे ते बनियनवर ओट्यावर बसून चहा घेत होते. अप्पा समोर उभे राहिले. वाटेत त्यांनी दोन-तीन चांगली वाक्यं तयार केली होती, 'जरा एक नजर टाकाल का' या थाटाची. तोंडून वेगळंच निघालं.

"मला जमलं नाही. मंगळवारी ती डोंगरातून जाणार आहे."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला आणि सदरा चढवला.

आवारात येऊन त्यांनी पेडल एकदा दाबलं. मग पुढचं एक चाक काढायला लावलं आणि उभ्यानेच आत पाहिलं.

"अप्पा, निपल कुठे आहे?"

"ही काय. खाली."

"आणि हवा कुठे जाते?"

 हवा वर जाते. नळ उंचावर चढला की त्याच्या माथ्यावर हवा अडकते. म्हणून तीस वर्षं अप्पा प्रत्येक जलवाहिनीच्या प्रत्येक उंचवट्यावर हवा सोडायची झडप काढत आले होते. हजारो झडपा. झोपेतसुद्धा त्यांनी एखादी खाली काढली नसती. कॅलिपरला निपल वरच्या अंगाला असायला हवी, म्हणजे हवा तिथून निघते. या दोन्ही निपला खाली होत्या. सकाळपासून खालून ऑइल निघत होतं आणि वर हवा सुखात बसून होती.

"डाव्याचा उजव्याला लागलाय आणि उजव्याचा डाव्याला," मिस्त्री म्हणाले. "खोक्यावर लिहिलेलं असतं."

"मी डावा डावीकडेच लावला."

"कोणाच्या डावीकडे?"

अप्पा गाडीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. नकाशात समोरून पाहिलेल्या वस्तूची डावी बाजू ही बघणाऱ्याच्या डावीकडे असते. गाडीची डावी बाजू मात्र आत बसणाऱ्याची असते. आत बसून बघावं असं दोन दिवसांत त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

मिस्त्रींनी काही टोमणा मारला नाही. जेलरकाकांनी मारला असता, पण त्यांना अजून साबणाच्या कैद्याची उरलेली गोष्ट मिस्त्रींना सांगायची होती. दीड तासात कॅलिपर इकडचे तिकडे झाले. बायको पुन्हा स्टिअरिंगमागे बसली, मिस्त्री चाकापाशी बसले आणि डबी अप्पांनी स्वतः सांभाळली, डोळ्यांची पापणी न लववता. पहिल्याच खेपेला नळीतून हवेचा एवढा मोठा बुडबुडा आला की मिस्त्रींनी बाटली उचलून अप्पांना दाखवली. पेडल वर आलं आणि दगडासारखं कडक झालं.

"लागतंय!" बायको आतून ओरडली. "अहो, एकदाच दाबलं आणि लागलं!" त्या आवाजातला आनंद ऐकून अप्पांना कळलं, की मघाचं 'छान झालंय' तिने किती कष्टाने म्हटलं असेल.

जाताना मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाले, "बोल्ट मात्र सगळे बरोबर आवळलेत तुम्ही. आमच्याकडे एवढं नीट कुणी आवळत नाही." मग म्हणाले, "शिकत होतो तेव्हा माझेही लागले होते उलटे. उस्तादांना चार दिवस सांगितलंच नाही मी. तुम्ही दोन तासांत आलात."

सोमवारी नऊ वाजता तपासनिसाने गाडी रुळांवर चढवली, काट्याकडे पाहिलं, बरोबरची खूण केली आणि मग मागे जाऊन म्हणाला की नंबरप्लेटवरचा छोटा दिवा लागत नाही. अप्पा आठव्या मिनिटाला बाजूच्या दुकानातून दिवा घेऊन परत आले. तो बसवताना त्यांनी आधी गाडीच्या मागे उभं राहून पाहिलं, मग गाडीत बसून पाहिलं, मग पुन्हा मागे येऊन पाहिलं. रांगेतल्या लोकांना त्याचा अर्थ कळला नाही. शिक्का मिळाला.

त्या संध्याकाळी त्यांनी सेक्रेटरीकडून पिवळा रंग घेतला आणि जमिनीवर बसून पुसली गेलेली अक्षरं परत काढली. आता तो शब्द आवारातल्या सगळ्या शब्दांपेक्षा जास्त सुबक होता आणि त्यामुळे बाकीचे वाकडे दिसत होते. सेक्रेटरीने तेही बदलून द्याल का, असं नम्रपणे विचारलं. अप्पा "बघू" म्हणाले. त्यांची पाठ अजून त्यांना परत मिळाली नव्हती.

मंगळवारी सकाळी बायको साडेसातला निघाली. नवी पर्स, इस्त्रीचे कपडे, शेजारच्या सीटवर डबा आणि शाखेच्या कागदांची फाइल. अप्पा फाटकाशी उभे होते. सूचना पुष्कळ होत्या, पण त्यांनी एकही दिली नाही.

"पोचल्यावर फोन करते," ती म्हणाली.

"कर."

गाडी गल्लीतून निघाली. अप्पा मान उंचावून बघत राहिले. गल्ली सकाळची, रिकामी. माणूस नाही, कुत्रं नाही, समोरून वाहन नाही. कोपऱ्याच्या थोडी अलीकडे, थांबायचं काहीही कारण नसताना, गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे एकदम पेटले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

क्षणभर ती तशीच उभी होती. मग दिवे विझले आणि ती वळून गेली.